निवासी संस्थांतील निष्क्रिय धूम्रपान

निवासी संस्थांतील निष्क्रिय धूम्रपान म्हणजे आश्रमशाळा, वसतिगृहे, वृद्धाश्रम यांसारख्या संस्थांमध्ये इतरांनी ओढलेल्या विडी-सिगारेटचा धूर तेथील कर्मचाऱ्यांच्या श्वासावाटे शरीरात जाणे होय. यास परोक्ष धूम्रपान असेही म्हणतात. निवासी संस्था ही राहणाऱ्यांचे घर आणि काम करणाऱ्यांचे कार्यस्थळ अशी दोन्ही असते. घरात धूम्रपान करणे ही खाजगी बाब मानली जाते, तर कार्यस्थळी त्यावर कायद्याने बंदी आहे. या दोहोंच्या सीमेवर हा प्रश्न उभा राहतो. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत त्याचा संबंध मुख्यतः आश्रमशाळांशी येतो.

स्वरूप

विडी किंवा सिगारेट जळत असताना तिच्या टोकातून निघणारा धूर आणि ओढणाऱ्याने बाहेर सोडलेला धूर यांच्या मिश्रणातून परोक्ष धूर तयार होतो. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रासायनिक घटक असून त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. विडीत सिगारेटपेक्षा कमी तंबाखू असतो. तरीही टेंभुर्णीचे पान सहज जळत नसल्याने ती विझू नये म्हणून वारंवार ओढावी लागते, आणि तिच्या धुरात डांबर, निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण अधिक आढळते.

आरोग्यावरील परिणाम

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये परोक्ष धूर मानवासाठी निश्चित कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. स्वतः धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तीस या धुरामुळे हृदयविकाराचा धोका सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. दम्याचा त्रास बळावतो, तसेच गर्भवती स्त्रीच्या बाळाचे वजन कमी भरण्याची शक्यता वाढते. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालानुसार या धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नाही. खिडक्या उघड्या ठेवल्याने किंवा पंखे लावल्याने धोका पूर्णपणे टळत नाही.

डहाणू व तलासरीतील निवासी संस्था

डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण होण्यापूर्वी ते ठाणे जिल्ह्यात होते. येथील शासकीय व अनुदानित आश्रमशाळा आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत येतात.

आश्रमशाळेत मुख्याध्यापक व शिक्षकांसह अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी व पहारेकरी काम करतात. त्यांपैकी काहींना आवारातच राहावे लागत असल्याने कामाचे तास संपले तरी धुरापासून दूर जाण्याची सोय नसते. वृद्धाश्रमात धूर बहुधा तेथे राहणाऱ्या वृद्धांच्या विडीचा असतो. आश्रमशाळेत मात्र राहणारी मुले अल्पवयीन असतात आणि धूम्रपान करणारी व्यक्ती सहसा सहकारी, अभ्यागत किंवा वरिष्ठ असते. त्यामुळे कामाठी किंवा स्वयंपाकी यांच्यासारख्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला आक्षेप घेणे अवघड जाते. जेथे सरपणावर स्वयंपाक होतो, तेथे चुलीच्या धुराची त्यात भर पडते.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार (२०१६-१७) महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात, परंतु धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण केवळ ३.८ टक्के आहे. म्हणजेच राज्यात धूर सोडणारे थोडे असून न ओढणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी आहे.

कायदेशीर तरतुदी

मुंबईचे राजकीय नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शैक्षणिक संस्था, ग्रंथालये, सार्वजनिक वाहने आदी ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. पुढे सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादने अधिनियम, २००३ (कोटपा) संमत झाला. त्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास बंदी असून २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कार्यस्थळांचाही सार्वजनिक ठिकाणांत समावेश केला. स्वतंत्र धूम्रपान कक्षाची मुभा ३० किंवा अधिक खोल्यांची हॉटेले, ३० किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ यांनाच आहे.

संस्थेच्या प्रमुखाने धूम्रपानबंदीचा फलक लावणे, तक्रार कोणाकडे करावी हे त्यावर नमूद करणे आणि रक्षापात्र किंवा काडेपेटी उपलब्ध करून न देणे बंधनकारक आहे. तक्रारीची दखल न घेतल्यास प्रमुखालाही दंड होतो. शैक्षणिक संस्थेत दंड आकारण्याचा अधिकार मुख्याध्यापकास आहे. कलम ६ नुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत.

मोकळ्या जागेचा प्रश्न

मूळ अधिनियमातील सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळली आहे. त्यामुळे अंगणात किंवा ओसरीलगत उभे राहून विडी ओढणाऱ्यावर कारवाई करताना संदिग्धता राहते. किनारपट्टीच्या दमट हवेत दारे-खिडक्या बहुतेक वेळ उघड्या असल्याने तो धूर स्वयंपाकघरात किंवा निवासी खोल्यांत शिरतो. शाळांपुरती ही उणीव केंद्र शासनाच्या तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांविषयीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी अंशतः भरून काढली आहे. त्यांत संपूर्ण आवार तंबाखूमुक्त ठेवणे अपेक्षित आहे. वृद्धाश्रमांना मात्र त्या सूचना लागू होत नाहीत.

इतर देशांतील स्थिती

इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंदिस्त कार्यस्थळी धूम्रपानास बंदी आहे. तथापि शुश्रूषागृह हे रहिवाशांचे घर असल्याने तेथे ठरावीक खोल्यांत धूम्रपानाची सवलत ठेवण्यात आली. अशा खोलीचे दार आपोआप बंद होणारे असावे आणि तिची हवा इमारतीच्या इतर भागांत जाऊ नये, अशी अट आहे. तरीही खोलीची साफसफाई किंवा रहिवाशाची शुश्रूषा करण्यासाठी कर्मचाऱ्याला आत जावेच लागते.

प्रतिबंधक उपाय

धूम्रपानाची जागा इमारतीच्या दारे-खिडक्यांपासून दूर ठेवणे, खोलीत धूर साचलेला असताना कर्मचाऱ्याला तेथे काम न देणे, गर्भवती व दम्याच्या कर्मचाऱ्यांना प्राधान्याने वगळणे आणि वरिष्ठांविरुद्धही निर्भयपणे तक्रार करता येईल अशी व्यवस्था करणे, हे प्रमुख उपाय होत. धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांसाठी राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमांतर्गत समुपदेशनाची सोय आहे.