मुळशी, एकलहरे, गुळवंच

वीजप्रकल्पाला विरोध करणाऱ्यांना विकासविरोधी ठरवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. महाराष्ट्राचा शंभर वर्षांचा अनुभव मात्र वेगळेच सांगतो. लोकांचे भांडण बहुधा विजेशी नसते. ती आणण्याच्या पद्धतीशी असते.

मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळा-निळा संगमावर धरण योजले. पूर्वसूचना न देता मावळ्यांच्या शेतांत चर खणले गेले आणि ठिणगी पडली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे लढ्यात उतरले. परंतु बऱ्याच जमिनी पुण्यातील सावकारांच्या नावावर होत्या. सरकारने कंपनीसाठी भूसंपादन कायदा वापरला, मोबदल्याची खात्री झाली आणि सावकारांनी काढता पाय घेतला. कसणारी कुळे मागे उरली. १९२४च्या अखेरीस लढा संपला; धरण झाले.

नाशिक जिल्ह्यात याच प्रश्नाची दोन रूपे दिसतात. नाशिकरोडजवळच्या एकलहरे येथे वीज मंडळाचे औष्णिक केंद्र १९७०च्या सुमारास सुरू झाले. आधी १४० मेगावॉटचे दोन संच आले, मग १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे तीन. कोळसा आला तशी राखही आली. तरीही जुने दोन संच बंद झाल्यावर परिसराची मागणी होती ती ६६० मेगावॉटच्या नव्या संचाची. केंद्राने वीज दिली होती, रोजगार दिला होता, आणि तो पंचक्रोशीला डोळ्यांनी दिसत होता.

सिन्नर तालुक्यात गुळवंच-मुसळगाव परिसरातील शेतजमीन विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घेतली गेली. तेथे इंडियाबुल्सने १३५० मेगावॉटचा प्रकल्प उभारला. पण वीजखरेदीचा करार नव्हता. कोळशासाठी एकलहरेकडून आणायच्या रेल्वेमार्गाला जमीन देण्यास शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि तो मार्ग रखडला. चिमण्या उभ्या राहिल्या, संच वर्षानुवर्षे थंड राहिले. २०२२ साली प्रकल्प दिवाळखोरी प्रक्रियेत गेला. ज्यांनी आधी जमिनी दिल्या, त्यांच्या शेजाऱ्यांनी पुढच्या जमिनी कशाच्या भरवशावर द्याव्यात?

एकलहरे आणि गुळवंच यांतील फरक धुराचा नाही, दोन्हीकडे कोळसाच. फरक शब्द पाळला गेला की नाही, याचा आहे.

आज शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर प्रकल्प येत आहेत. त्यांना धूर नाही, राख नाही. पण त्यांतले काही गायरानावर उभे राहतात. गायरान कागदावर सरकारचे असते. तेथे गुरे मात्र चारतात ती भूमिहीनांची. नाव एकाचे, वापर दुसऱ्याचा, ही मुळशीचीच गाठ. ग्रामसभेचा ठराव घेताना त्या गुराख्याला विचारले का, एवढा प्रश्न पॅनेल बसवण्याआधी सुटला, तर पुढचा रेल्वेमार्ग अडणार नाही.