मोहाचे फूल आणि द्राक्षाची साल

लाल वाइनचा रंग रसातून येत नाही, सालीतून येतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस फिकटच असतो. द्राक्षे फोडून रस, साल व बिया एकत्र आंबवल्या जातात; यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते आणि त्या काही दिवसांतच सालीचा रंग व तुरटपणा रसात उतरतो. मग चोथा दाबून वेगळा करतात आणि वाइन मुरत ठेवतात.

हीच रासायनिक क्रिया शहापूर-मुरबाडच्या रानात शतकानुशतके होत आली आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटे गळलेली मोहाची फुले वेचून वाळवतात. ती पाण्यात भिजत घातली की त्यांतील साखर आंबते. ते पाणी उकळून त्याची वाफ गार केली की दारू तयार होते. फरक एवढाच की वाइन केवळ आंबवतात, मोहाची दारू गाळतात.

मात्र दोहोंचा इतिहास एक नाही. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती मक्तेदारांच्या भट्ट्यांकडे एकवटली. त्यात उरणच्या भट्ट्या विशेष प्रसिद्ध होत्या. तरीही घरोघरची दारू थांबेना, तेव्हा सरकारची नजर दारूवरून फुलाकडे वळली. १८९२चा मोहाविषयीचा कायदा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी होता; त्याने फुलांच्या साठवणुकीवर आणि व्यवहारावर बंधने आणली. वारली, ठाकूर, कातकरी यांच्यासाठी मोह हे टंचाईच्या दिवसांतले अन्नही होते, ही गोष्ट महसुलाच्या हिशेबात बसणारी नव्हती. जे काल रूढीने चालत आले होते ते आज गुन्हा ठरले.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे शब्दांकडे लक्ष द्यावे. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. मराठीत तो शब्द मद्यालाही लागला आणि बंदुकीच्या भुकटीलाही. आयुर्वेदाचे ‘द्राक्षासव’ औषधाच्या कपाटात प्रतिष्ठेने बसले, मराठी बायबलात ‘द्राक्षारस’ पवित्र ठरला. ‘हातभट्टी’ म्हटले की मात्र पोलिसाचा छापाच डोळ्यांपुढे येतो. २००१मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखून वाइनला करसवलती दिल्या, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क योजले. शेतकऱ्याच्या हिताचा युक्तिवाद द्राक्षासाठी शासनाने स्वतःहून केला. फुले वेचणाऱ्यांसाठी तो १८९२मध्ये ऐकलाच गेला नव्हता.

दारूने आदिवासी घरांची जी नासाडी केली ती नाकारण्याचा येथे हेतू नाही. पण वसाहतकालीन अधिकाऱ्यांच्या लेखनातला ‘व्यसनी आदिवासी’ आपण वर्गात शिकवताना ते वर्णन कोणी, कोणत्या हिशेबाने लिहिले हेही विचारले पाहिजे. ज्या शासनाने आदिवासीला दारुडा म्हटले, त्याच शासनाला त्याने घरी न गाळता परवान्याच्या दुकानातून दारू विकत घ्यावी असे वाटत होते. फुले वेचणाऱ्यांची बाजू त्या कागदपत्रांत बहुधा आरोपी म्हणूनच येते. ती वाचायची तर ओळींमधली मोकळी जागा वाचावी लागते.