आधी माणूस, मग पंचनामा

रस्त्यावर अपघात झाला की बघ्यांच्या गर्दीतून एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'हात लावू नका, पोलीस केस आहे.' मी महामार्गालगतच्या गावात वाढले. तिथे मोठी माणसं हे वाक्य लहानांच्या कानावर इतक्या वेळा घालायची की तो कायदाच आहे असं सगळे धरून चालायचे. पुढे मी जुने निकाल आणि कलमं वाचायला घेतली, तेव्हा कळलं की असा कायदा कधी नव्हताच. तरीही त्याच्या भीतीने माणसं मरत राहिली. ही भीती कशी तयार झाली आणि ती मोडायला किती वर्षं लागली, त्याची ही गोष्ट.

अपघातातला जखमी म्हणजे रुग्णालयाच्या भाषेत 'एमएलसी', मेडिको-लीगल केस. त्याच्या जखमांची नोंद करायची, पोलिसांना कळवायचं आणि पुढे कोर्टात साक्षीला जायचं. तारखांवर तारखा पडणार हे डॉक्टरांना ठाऊक असायचं. त्यामुळे अनेक रुग्णालयं अशा जखमीला दारातूनच 'सरकारीत न्या' म्हणून परत पाठवायची. जखमीचं शरीर आधी पुरावा होतं आणि मग रुग्ण.

ऐंशीच्या दशकात एका स्कूटरस्वाराला भरधाव मोटारीने उडवलं. एका वाटसरूने त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी उपचार नाकारले आणि सुमारे २० किलोमीटरवरच्या, मेडिको-लीगल केसेस घ्यायची परवानगी असलेल्या रुग्णालयात न्यायला सांगितलं. तिथे पोहोचण्याआधीच तो गेला. ही बातमी हिंदुस्तान टाइम्समध्ये छापून आली. कायदाच जखमीला मरायला मदत करतो, असा तिच्या मथळ्याचा अर्थ होता. पंडित परमानंद कटारा यांनी ते कात्रण जोडून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली.

२८ ऑगस्ट १९८९ रोजी न्या. रंगनाथ मिश्रा आणि न्या. जी. एल. ओझा यांनी निकाल दिला. त्यातली मला सगळ्यात धक्कादायक वाटलेली गोष्ट सरकारी बाजूच्या कागदांमध्ये आहे. पोलीस येण्याआधी जखमीवर उपचार करायला डॉक्टरला रोखणारी तरतूद दंडसंहितेत नाही, फौजदारी प्रक्रिया संहितेत नाही आणि मोटार वाहन कायद्यातही नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलं होतं. म्हणजे तो स्कूटरस्वार नसलेल्या नियमामुळे मेला. न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद २१ चा, जगण्याच्या हक्काचा, आधार घेतला. डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य, कागदपत्रं नंतर. डॉक्टरांना विनाकारण चौकशीला आणि कोर्टात खेटे घालायला लावू नये, असंही न्यायालयाने बजावलं. भीतीचं मूळ त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

गाडी चालवणाऱ्यावरची जबाबदारी तर १९३९च्या मोटार वाहन कायद्यापासूनच होती. १९८८च्या कायद्याच्या कलम १३४ मध्ये ती पुन्हा आली: जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवायचं आणि उशिरात उशिरा २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं. जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर सूट, असंही त्या कलमात लिहिलेलं आहे. आपल्या रस्त्यांचा स्वभाव कायदा लिहिणाऱ्यांना पक्का माहीत होता. १९९४च्या दुरुस्तीने याच कलमात डॉक्टरांची जबाबदारीही घातली: कोणतीही औपचारिकता पूर्ण होण्याची वाट न पाहता ताबडतोब उपचार.

चालक झाला, डॉक्टर झाला. उरला तो वाटसरू. २००७ मध्ये दिल्लीत पीयूष तिवारी यांच्या शाळकरी चुलतभावाचा अपघात झाला. तो रस्त्यावर पडून होता आणि वेळेत मदत मिळाली नाही. तिवारींनी २००८ मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशन सुरू केलं आणि या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. केंद्राने मदतनीसांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने त्या देशभर बंधनकारक केल्या. २०१९च्या दुरुस्तीत कलम १३४-अ आलं आणि हे संरक्षण थेट कायद्यात गेलं.

त्याचा अर्थ साध्या भाषेत असा. तुम्ही जखमीला रुग्णालयात नेलंत तर नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. त्याला सोडून तुम्ही लगेच निघू शकता. रुग्णालय तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही, तुम्हाला थांबवूनही ठेवू शकत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. चांगल्या हेतूने मदत करताना तुमच्या हातून काही राहिलं आणि जखमी दगावला, तरी तुमच्यावर खटला होत नाही.

या सगळ्यात इतकी घाई का, याचं उत्तर वैद्यकाच्या इतिहासात आहे. 'गोल्डन अवर' ही कल्पना बाल्टिमोरचे शल्यविशारद आर ॲडम्स काउली यांच्या नावाशी जोडली जाते. १९७० च्या आसपास त्यांनी तिथे पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून जखमींना थेट विशेष केंद्रात आणायची व्यवस्था उभी केली. साठावं मिनिट उलटलं की दार बंद, असा त्याचा अर्थ नाही. रक्त जात राहिलं की अवयवांना प्राणवायू कमी पडतो, आणि एका हद्दीनंतर रक्तस्राव थांबवूनही शरीर सावरत नाही. आपल्या कायद्याने मात्र २०१९ मध्ये 'गोल्डन अवर'ची व्याख्या नेमकी केली: गंभीर इजेनंतरचा एक तास.

इजा दिसेलच असंही नाही. ३ जून २०१४ च्या सकाळी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. बीडमध्ये त्यांच्या स्वागताची तयारी चालू होती. वाटेत दुसऱ्या गाडीने त्यांच्या गाडीला धडक दिली. बाहेरून मोठी जखम नव्हती. त्यांना लगेच एम्समध्ये नेलं, तरी ते वाचले नाहीत. शवविच्छेदनात मानेच्या मणक्यांची इजा आणि यकृत फाटून झालेला अंतर्गत रक्तस्राव आढळला. तातडी दरवेळी पुरेशी ठरते असं नाही. पण 'काही लागलेलं दिसत नाही' यावर विसंबणं किती धोक्याचं आहे, ते त्या सकाळी अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं.

म्हणून अपघात तुमचा असेल आणि तुम्ही उठून चालत असाल, तरी त्याच दिवशी तपासून घ्या. धक्क्यात शरीर वेदना दाबून ठेवतं. डोक्याला मार लागलेला माणूस काही वेळ अगदी नीट बोलतो आणि मग ढासळतो. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं, पोटात दुखणं, श्वास लागणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. त्या तपासणीचे कागद जपून ठेवा. पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात तेच कामाला येतात.

दुसऱ्याचा अपघात असेल तर आधी स्वतःला सांभाळा. गाडी कडेला घ्या, इंडिकेटर लावा, मागची वाहनं थांबवा. १०८ किंवा ११२ ला फोन करा. गाव आणि किलोमीटरचा दगड सांगा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि सारखं उचलून पाहू नका. आग किंवा वाहनांचा धोका नसेल तर मान-पाठ हलवू नका. पाणी पाजू नका, शस्त्रक्रिया करावी लागू शकते. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. पैशांची धास्ती असेल तर हेही माहीत असू द्या: मे २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात.

१९८९च्या निकालात एक आदेश आहे, तो मला विसरता येत नाही. हा निकाल वर्तमानपत्रांतून, दूरदर्शन आणि आकाशवाणीवरून लोकांपर्यंत पोहोचवा, असं न्यायालयाने सांगितलं होतं. नसलेल्या नियमाला घाबरणाऱ्या देशाला नियम नाही हे सांगावं लागतं, हे न्यायाधीशांनी जाणलं होतं. मदतनीसांच्या हक्कांचा फलक इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत रुग्णालयाच्या दाराशी लावावा, असा नियमही २०२० पासून आहे. कुठल्याही रुग्णालयात गेले की मी तो मराठीतला फलक शोधते. काही ठिकाणी दिसतो, काही ठिकाणी नाही. तुम्हीही पाहा. नसेल तर काउंटरवर विचारा. तो लावून घ्यायला अपघाताची वाट पाहायचं कारण नाही.