विमान प्रतिकृती

विमान प्रतिकृती : मनुष्य वाहून न नेणारी, प्रमाणबद्ध आकारात बनविलेली विमानाची लहान आवृत्ती म्हणजे विमान प्रतिकृती होय. हिचे दोन मुख्य प्रकार आहेत : प्रत्यक्ष उडणाऱ्या प्रतिकृती आणि केवळ पाहण्यासाठी किंवा अभ्यासासाठी बनविलेल्या स्थिर प्रतिकृती. दोन्ही प्रकारांची बांधणी प्रामुख्याने घरी, फावल्या वेळात व साध्या हत्यारांनी केली जाते. धारदार चाकू, टाचण्या, काचकागद, सरस आणि एक सपाट फळी एवढ्या साहित्यावर या छंदाचा आरंभ होऊ शकतो. त्यामुळे त्याची गणना पुष्कळदा मुलांच्या खेळण्यांत होते. इतिहासाचा क्रम मात्र वेगळा आहे. मनुष्य वाहणारे विमान अस्तित्वात येण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे त्याच्या ‘प्रतिकृती’ तयार होत होत्या. ज्या वस्तूची नक्कल करावयाची तीच अजून जन्मास आली नव्हती, हे लक्षात घेता प्रतिकृती हा शब्द या आरंभीच्या काळासाठी अपुराच म्हणावा लागेल.

इंग्लंडमधील जॉर्ज केली (१७७३–१८५७) यांनी १७९६ मध्ये पक्ष्यांची पिसे खोचलेली दोन चक्रे धनुष्याच्या दोरीच्या ताणाने फिरवून वर जाणारे एक लहान यंत्र केले. असे यंत्र फ्रान्समध्ये लॉन्वा व ब्यँव्हन्यू यांनी १७८४ मध्येच दाखविले होते. केलींचे अधिक महत्त्वाचे काम १८०४ सालचे आहे. सुमारे दीड मीटर लांबीच्या काठीवर पतंगाच्या आकाराचा पंख, मागे हव्या त्या कोनात वळविता येणारे फुलीसारखे पुच्छ आणि गुरुत्वमध्य बदलण्यासाठी पुढे सरकविता येणारे वजन अशी या ग्लायडरची रचना होती. स्थिर पंख, स्वतंत्र पुच्छ आणि दोहोंना जोडणारा दांडा ही आजच्या विमानाची मांडणी येथे प्रथमच आढळते. उतारावरून तरंगत जाणारे ते यंत्र दिसावयास फार सुंदर वाटे, असेही केलींनी नमूद केले आहे. वैज्ञानिक टिपणात आलेला हा आनंदाचा उद्गार या छंदाचा सर्वांत जुना दाखला मानण्यास हरकत नाही.

चार्ड या गावी लेस विणण्याची यंत्रे बनविणारे जॉन स्ट्रिंगफेलो (१७९९–१८८३) यांनी १८४८ मध्ये सुमारे तीन मीटर पंखविस्ताराची, वाफेच्या लहान एंजिनावर चालणारी प्रतिकृती बांधली. लेसच्या एका कारखान्याच्या लांब दालनात ती तारेच्या आधाराने सोडण्यात आली. तारेवरून सुटल्यावर ती खऱ्या अर्थाने उडाली किंवा नाही, याविषयी मतभेद आहेत. एवढे हलके वाफेचे एंजिन घडविणे हीच मुळात मोठी कामगिरी होती, याविषयी मात्र मतभेद नाहीत.

या छंदाला सर्वांच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय फ्रेंच संशोधक आल्फाँस पेनो (१८५०–८०) यांच्याकडे जाते. पीळ दिलेल्या रबराचा शक्तिसाधन म्हणून उपयोग त्यांनी १८७० मध्ये केला. वाफेचे एंजिन घडविणे ही कुशल यांत्रिकाचीच गोष्ट होती; रबराला पीळ कोणालाही देता येत होता. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या ट्वीलरी उद्यानात त्यांनी सुमारे अर्धा मीटर लांबीचे व अवघे १६ ग्रॅ. वजनाचे विमान जाणकारांच्या समक्ष उडविले. मागील बाजूस पंखा, टोकांशी किंचित वर वळलेले पंख आणि पंखांपेक्षा कमी कोनात बसविलेले लहान आडवे पुच्छ असलेले हे विमान कोणीही न सावरता सुमारे अकरा सेकंद हवेत स्थिर राहिले. आपोआप तोल सावरणे हा त्यातील खरा शोध होता. पेनो यांनी १८७६ मध्ये दोन पंख्यांच्या मोठ्या विमानाचे एकस्व घेतले, परंतु त्याला आर्थिक पाठबळ मिळाले नाही. प्रकृती आधीच खालावलेली होती. निराश होऊन वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांनी आत्महत्या केली.

त्यांच्या कल्पनेवर आधारलेले बूच, बांबू, कागद व रबर यांचे एक खेळणे १८७८ मध्ये मिल्टन राइट या धर्मोपदेशकाने आपल्या दोन मुलांसाठी घरी आणले. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा व ऑर्व्हिल सात वर्षांचा होता. ते मोडल्यावर या भावांनी स्वतः तशी यंत्रे बनविण्यास आरंभ केला. आकार जसजसा वाढवावा तसतसे यंत्र कमी उडते, हे त्यांच्या ध्यानात आले, पण कारण उमगले नाही. लांबी-रुंदी दुप्पट केली की पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन मात्र आठपट होते. म्हणजेच पंखाच्या प्रत्येक चौरस सेंमी. वर पूर्वीच्या दुप्पट भार येतो. पुढे कीर्ती मिळाल्यावर लिहिलेल्या लेखात राइट बंधूंनी बालपणीच्या या अपयशाचा मुद्दाम उल्लेख केला आहे.

हाच नियम सॅम्युएल लँग्ली (१८३४–१९०६) यांना महागात पडला. रबरावर चालणाऱ्या असंख्य लहान प्रतिकृतींपासून सुरुवात करून त्यांनी ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे चार मीटर पंखविस्ताराची वाफेवरील प्रतिकृती सुमारे एक किमी. पर्यंत उडविली. प्रतिकृतींच्या इतिहासातील तो अपूर्व दिवस होय. तथापि हीच रचना मनुष्य वाहण्याइतकी मोठी केल्यावर तिचा सांगाडा पुरेसा मजबूत ठरला नाही आणि १९०३ मध्ये ७ ऑक्टोबर व ८ डिसेंबर या दोन्ही दिवशी ते विमान नदीत कोसळले. दुसऱ्या अपघातानंतर नऊच दिवसांनी राइट बंधूंचे विमान उडाले. प्रतिकृती खरे बोलते, परंतु ती फक्त आपल्या आकारापुरते बोलते.

विमानयुग सुरू झाल्यावर प्रतिकृती संशोधकांच्या हातून हौशी लोकांकडे आली. ब्रिटनमधील प्रतिकृतीकारांची राष्ट्रीय संस्था १९२२ मध्ये व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील १९३६ मध्ये स्थापन झाली. लॉर्ड वेकफील्ड यांनी १९२८ मध्ये ठेवलेल्या चषकासाठी रबरावरील विमानांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या. याच सुमारास बांबू व स्प्रूस यांची जागा बाल्सा या लाकडाने घेतली. सावरीच्या नात्यातील हा वृक्ष दक्षिण अमेरिकेत, विशेषतः एक्वादोरमध्ये, झपाट्याने वाढतो. त्याच्या लाकडाची घनता बहुधा दर घनमीटरला १०० ते २०० किग्रॅ. असून ते साध्या चाकूने कापता येते.

बाल्साच्या सांगाड्याची बांधणी हा या छंदाचा गाभा होय. पूर्ण आकाराचा आराखडा फळीवर पसरून त्यावर मेणकागद अंथरतात, म्हणजे सरस आराखड्यास चिकटत नाही. लांब पट्ट्या टाचण्यांच्या आधाराने रेषेवर बसवून धडाच्या दोन बाजू एकावर एक करतात, म्हणजे त्या तंतोतंत सारख्या होतात. पंखाच्या फासळ्या एकत्र दाबून घासल्या की त्यांचा वक्र एकसारखा होतो. सांगाड्यावर पातळ टिश्यू कागद चिकटवून त्यावर पाण्याचा फवारा मारतात. ओला कागद प्रथम ढिला पडून सुरकुततो आणि नवशिक्याचा धीर सुटतो. परंतु सुकताना तोच कागद ढोलाच्या चामड्यासारखा ताणला जातो. त्यावर डोप हे सेल्युलोजयुक्त रोगण दिले की पृष्ठभाग घट्ट व हवाबंद होतो. हे रोगण सुकत असताना पंख फळीला दाबून ठेवला नाही, तर तो पिळवटतो आणि एका संध्याकाळचा उतावीळपणा पुढे प्रत्येक उड्डाणात दिसत राहतो.

पहिली चाचणी शांत हवेत, उंच गवतावर, पंखा न फिरविता करतात. विमान हाताने समोर सोडल्यावर नाक खाली घालून पडले तर पुढचा भाग जड आहे. वर चढून, थबकून मग कोसळले तर शेपटीकडचा. त्यानुसार मातीचा लहानसा गोळा नाकाला किंवा शेपटीला लावतात, अथवा पुच्छाखाली कागदाची पट्टी सरकवितात. त्यानंतर रबराला थोडे थोडे पीळ देत शक्ती वाढवितात. अनुभवी मंडळी वंगण लावलेले रबर प्रथम लांब ताणतात, हातगिरमिटाने पीळ देऊ लागतात आणि पीळ भरत जाईल तसतसे हळूहळू विमानाजवळ येतात. या सर्व खटपटीचे फळ मिनिटभराचे असते. आपण केलेली वस्तू आपल्या हाताबाहेर गेल्यानंतरही नीट वागते, हे पाहण्याचा तो मिनिट असतो. या छंदातील सुखाचे इतर प्रकार त्यापुढे दुय्यम आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बंदिस्त दालनात उडणाऱ्या प्रतिकृतींत ही कला टोकाला पोहोचते. त्यांचे वजन एक-दीड ग्रॅमच्या आसपास असते. पाण्यावर ओतलेल्या रोगणाचा तवंग चौकटीवर अलगद उचलून त्यांचे पंख मढवीत. पंखा इतका सावकाश फिरतो की त्याची पाती मोजता येतात आणि अशी उड्डाणे अर्ध्या तासाहूनही अधिक टिकली आहेत.

एंजिनांचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९३० नंतरच्या दशकात ठिणगीने पेटणारी लहान पेट्रोल एंजिने अमेरिकेत बाजारात आली. १९४७ मध्ये रे आर्डेन यांनी तापत्या तारेचा प्लग प्रचारात आणला. मिथेनॉलाच्या इंधनावर ही प्लॅटिनमयुक्त तार एकदा विजेने तापविली की आपोआप तप्त राहते. त्यामुळे विद्युत् घट व वेटोळे यांचे ओझे नाहीसे झाले. दोन तारांच्या साहाय्याने विमान स्वतःभोवती वर्तुळात फिरविण्याची पद्धत १९४० च्या सुमारास जिम वॉकर यांनी लोकप्रिय केली. वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंची ‘गफ’ ही १९३७-३८ मधील प्रतिकृती रेडिओ नियंत्रणाचा आद्य नमुना समजली जाते.

स्थिर प्रतिकृतींना दुसऱ्या महायुद्धाने गंभीर प्रयोजन दिले. शत्रूचे विमान छायाकृतीवरून ओळखता यावे, म्हणून अमेरिकी नौदलाने १९४२ मध्ये शाळांतील मुलांकडून पाच लाख लाकडी प्रतिकृती मागविल्या. त्यांचे प्रमाण १ : ७२ होते, म्हणजे एक इंचास सहा फूट. या प्रमाणातील प्रतिकृती ३५ फुटांवरून पाहिली की अर्ध्या मैलावरील खरे विमान दिसावे तेवढी दिसते. हेच प्रमाण पुढे प्लॅस्टिकच्या संचांत रूढ झाले. ब्रिटनमध्ये फ्रॉग कंपनीने सेल्युलोज ॲसिटेटाचे ‘पेंग्विन’ संच १९३६ मध्येच आणले होते. युद्धानंतर पॉलिस्टायरिनामुळे एअरफिक्ससारख्या कंपन्यांचे संच पिशव्यांतून स्वस्तात मिळू लागले. सांगाडा रचण्याचे कौशल्य त्यांत उरले नाही हे खरे. पण सांधा लपविणे, योग्य रंगछटा शोधणे व चिन्हे नेमकी बसविणे यांसाठी करावा लागणारा विमानेतिहासाचा अभ्यास वाढला, ही भरपाई थोडी नव्हे.

जुन्या प्रतिकृतींची दुरुस्ती ही या छंदाची अलीकडे विशेष वाढलेली शाखा होय. माळ्यावर किंवा खोक्यात सापडलेली जुनी प्रतिकृती हाती आली की प्रथम काहीही न करणे श्रेयस्कर असते. तिची छायाचित्रे व मापे घ्यावीत, उरलेल्या रंगाची नोंद करावी. कागद बहुधा ठिसूळ झालेला असतो. तो काढताच मूळ कारागिराची सारी पद्धत उघडी पडते. फासळ्यांवरील पेन्सिलीचे आकडे, घाईत ओघळलेला सरस, जुन्या अपघातानंतर घातलेला जोड या सर्व गोष्टी वाचता येतात. मोडलेल्या फासळीचा नमुना दुसऱ्या पंखातील तिच्या जोडीदार फासळीवरून मिळतो. तुटलेली तुळई तिरक्या लांब कापाने सांधतात, कारण सरळ काटछेदाचा सांधा लवकर निसटतो. जुने एंजिन एरंडेलाच्या अंशाने घट्ट बसलेले आढळते. हे तेल उष्णतेने वार्निशासारखे कडक होते. अशा वेळी पंखा जोराने फिरविणे घातक असते. सौम्य ऊब देऊन, पातळ तेल मुरवून वाट पाहावी लागते. यातील अनेक एंजिनांत दट्ट्यास कडी नसते. तो सिलिंडरमध्ये घासून बसविलेला असतो आणि त्यावरील एक ओरखडाही एंजिनाची दाबक्षमता घालवू शकतो. प्लॅस्टिकच्या बाबतीत अडचणी निराळ्या आहेत. ॲसिटेटाचे जुने संच काळाने वाकतात व ते वाक पूर्णपणे निघत नाहीत. पिवळी पडलेली चिन्हे मात्र काचेच्या खिडकीत उन्हात काही दिवस ठेवल्यास पुन्हा पांढरी होतात.

किती दुरुस्ती करावी, हा यातील वादाचा प्रश्न आहे. सर्व कागद, सर्व रंग व निम्मे लाकूड बदलले, तर हाती राहते ती चांगली नवी प्रतिकृती, जुनी नव्हे. उलट, उडण्यासाठीच केलेली वस्तू काचेआड ठेवणे हाही तिच्या कर्त्यावर एक प्रकारे अन्यायच आहे. समंजस दुरुस्तीकार मूळ वस्तू शक्य तेवढी जतन करतात, पुन्हा काढता येतील असेच जोड देतात आणि उडविण्यासाठी तिच्याच मापांवरून दुसरी बांधतात. तसे करताना जुन्या कारागिराने एखादी पट्टी तेथेच का घातली, हे हाताला कळते.

भारतात या छंदाचा प्रसार प्रामुख्याने राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेमार्फत झाला. या शाखेची पहिली पथके १९५० मध्ये मुंबई व कलकत्ता येथे उभारण्यात आली. प्रतिकृती-बांधणी हा तिच्या प्रशिक्षणाचा भाग असून वायुसैनिक शिबिरात तिच्या स्पर्धा होतात. बाल्सा बहुतांशी आयात करावे लागत असल्याने ते महाग पडते. साध्या ग्लायडरसाठी बांबूच्या कामट्या व पतंगाचा कागदही चालतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळांच्या आसपासच्या नियंत्रित हवाई क्षेत्रांत चालकरहित विमाने परवानगीवाचून उडविता येत नाहीत.

विद्युत् चलित्र, लिथियमाचे घट आणि फेसाळ प्लॅस्टिक यांमुळे खोक्यातून काढताच उडणारी विमाने आता सर्वत्र मिळतात आणि बांधणीवाचून उड्डाण शक्य झाले आहे. त्याबरोबरच जुन्या रचनांचे आराखडे पुन्हा काढून, फासळ्या लेसर किरणांनी कापून देणारे उद्योगही निघाले आहेत. अमेरिकेतील जुन्या प्रतिकृतींच्या स्पर्धांत सामान्यतः १९४२ अखेरपर्यंतच्याच रचना ग्राह्य धरतात; प्रतिकृती कालच बांधलेली असली तरी चालते, पंखाचे माप मात्र आराखड्याप्रमाणे भरावे लागते.