रेशमी जाळीतून उतरलेली चित्रे

यंदाच्या स्मरणिकेत कलेसंबंधी एखादा लेख असावा अशी संपादिकांची इच्छा होती. मी काही वर्षे घरच्या घरी स्क्रीन छपाई करीत असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले. छपाई कशी करावी हे कागदावर सांगण्यापेक्षा टेबलापाशी उभे राहून दाखवणेच बरे. म्हणून येथे या कलेचा थोडा इतिहास, आणि तिच्यातून नाव मिळवलेल्या एका स्त्रीची हकीकत सांगते.

उदबत्तीने भोके पाडलेला ठिपक्यांचा कागद आपल्यापैकी बहुतेकींनी वापरला असेल. कागदावरून रांगोळीचा हात फिरवला की जेथे भोक तेथे ती खाली उतरते, इतरत्र अडते. स्क्रीन छपाईचे सारे तत्त्व एवढेच. परंतु ठिपक्यांऐवजी आकृती कापू लागलो की एक अडचण येते. कागदातून ‘ठ’ हे अक्षर कापून पाहा, वर्तुळाच्या आतला तुकडा गळून पडेल आणि हाती राहील नुसते खिंडार. जपानमधील कापड रंगवणाऱ्या कारागिरांनी यावर फार नाजूक उपाय शोधला होता. टेंभुर्णीच्या जातीच्या एका फळाचा रस चढवून ते कागद चिवट करीत, त्यात नक्षी कोरीत, आणि सुटे तुकडे जागच्या जागी राहावेत म्हणून रेशमाचे बारीक धागे त्यात बसवीत. धाग्यांऐवजी सबंध रेशमी कापडच चौकटीवर ताणून बसवले तर कोणताच तुकडा गळणार नाही, या तत्त्वावरचे एक पेटंट मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ साली घेतले. या कामी पुढे जे रेशीम रूढ झाले, ते मुळात गिरणीत पीठ चाळण्यासाठी विणलेले! चाळणीचे हे भाग्य वाचून स्वयंपाकघरातल्या माणसाला आनंद झाल्यावाचून राहत नाही.

प्रथम या चौकटी गेल्या त्या दुकानांच्या पाट्या, झेंडे आणि जाहिराती छापणाऱ्यांकडे. त्यामुळे चित्रकार मंडळी तिकडे नाक मुरडीत. पुढे अमेरिकेत १९२९ नंतरची मंदी आली, कलावंत बेकार झाले, आणि सरकारने त्यांना पगारी काम देण्याची योजना १९३५ मध्ये आखली. त्या योजनेत न्यूयॉर्कमध्ये अँथनी वेलोनिस नावाचे तरुण कलावंत होते. भित्तिपत्रके छापण्याचे हे तंत्र चित्रांनाही चालेल हे त्यांनी ओळखले व त्यावर एक पुस्तिका लिहिली. त्यांच्या पहिल्या सोबत्यांत एलिझाबेथ ओल्ड्स ही चित्रकर्तीही होती. शिळाछापाला जड दगड आणि यंत्र लागते, ताम्रपटालाही दाबयंत्र लागते. येथे लाकडी चौकट, ताणलेले कापड, शाई ओढायला रबरी पट्टीची स्क्वीजी आणि एक टेबल मिळाले की काम सुरू. गरिबाला परवडणारी ही कला होती. तिला थोडी प्रतिष्ठा यावी म्हणून ‘सेरिग्राफ’, म्हणजे रेशमावरचे लेखन, असे भारदस्त नावही १९४० च्या सुमारास देण्यात आले.

आता त्या स्त्रीची गोष्ट. फ्रान्सेस केंट यांचा जन्म १९१८ सालचा, आयोवा राज्यातला. अठराव्या वर्षी, १९३६ साली, लॉस एंजेलिसमधील ‘इमॅक्युलेट हार्ट’ या कॅथलिक संघात त्या धर्मभगिनी झाल्या आणि सिस्टर मेरी कोरिटा हे नाव त्यांनी घेतले. संघाच्या महाविद्यालयात त्या चित्रकला शिकवीत. स्क्रीन छपाई त्या शिकल्या १९५१ मध्ये, दिवंगत मेक्सिकन चित्रकार आल्फ्रेडो रामोस मार्तिनेझ यांच्या पत्नी मारिया यांच्याकडून. गृहिणींनी ध्यानात घ्यावे की विद्या येथे एका स्त्रीच्या हातून दुसरीच्या हाती गेली. दुसऱ्याच वर्षीच्या त्यांच्या चित्राला लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले.

वर्षभर शिकवण्यातून त्यांना उसंत नसे. उन्हाळी वर्ग संपून नवे सत्र सुरू होईपर्यंत जे काही आठवडे मिळत, त्यांत वर्षाची छपाई उरकायची. मदतीला विद्यार्थिनी आणि इतर भगिनी. एकीने कागद लावायचा, एकीने उचलून वाळत घालायचा. पापड घालण्याच्या दिवसांत आपल्याकडे जशी रांग लागते तशीच ती असणार, असे मला नेहमी वाटते.

१९६२ साली अँडी वॉरहॉल यांची सूपच्या डब्यांची चित्रे लॉस एंजेलिसमध्ये मांडली गेली, ती कोरिटांनी पाहिली. त्याच वर्षी त्यांनी पावाच्या वेष्टनावरचे रंगीत गोल घेऊन एक चित्र केले. त्या पाश्चात्य मालाच्या खुणेत त्यांना चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात तो गोल पाव दिसला. मग जाहिरातींतली अक्षरे, रस्त्यांवरच्या पाट्या, मासिकांतले मथळे हे सारे त्यांच्या चौकटीत येऊ लागले. छापील कागद चुरगाळून त्याचे छायाचित्र घ्यायचे आणि ती वाकडी झालेली अक्षरे मोठी करून छापायची, ही त्यांची खास रीत. १९६४ मध्ये टोमॅटोच्या डब्याच्या जाहिरातीतले शब्द त्यांनी पवित्र मरियेला लावले. भक्तीची ही भाषा वरिष्ठांना रुचली नाही. लॉस एंजेलिसचे कार्डिनल मॅकइंटायर आणि हा संघ यांच्यात आधीच तेढ होती, ती वाढत गेली. १९६८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, कोरिटांनी संघ सोडला आणि बॉस्टनमध्ये स्वतंत्र कलावंत म्हणून राहू लागल्या. मागे राहिलेल्यांपैकी तीनशेहून अधिक भगिनींनीही १९७० मध्ये व्रतातून मुक्त होऊन आपला वेगळा समाज उभारला.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. स्वतंत्र झाल्यावर कोरिटांना वेळ मिळाला, पण मदतीचे हात गेले. बॉस्टनच्या काळातील चित्रे त्या काढून देत आणि छपाई कॅलिफोर्नियातील एक व्यावसायिक छापखाना करी. त्या चित्रांत रंग मोकळे आहेत, तरी मला मनापासून आवडतात ती उन्हाळ्याच्या घाईत काढलेली. हा माझा पक्षपात समजावा.

चित्र अनेकांच्या घरी जावे म्हणून कोरिटा किंमत मुद्दाम कमी ठेवीत. त्यामागे संघाचा आसरा होता हे विसरून चालत नाही. जिला भाडे, कागद, शाई स्वतः भरायची आहे तिला तसे जमत नाही. प्रदर्शनात मला हमखास प्रश्न येतो, “छापलेलेच ना हो ताई? मग एवढी किंमत?” चार रंगांचे चित्र पन्नास कागदांवर उतरवायचे म्हणजे स्क्वीजी दोनशे वेळा ओढायची असते. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, प्रत्येक वेळी कागद खुणेवर तंतोतंत बसवायचा, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचे. केसभर सरकले की कागद रद्द. पन्नासही प्रती अस्सलच असतात, कारण ज्याची नक्कल करावी असे मूळ चित्र बहुधा कोठे नसतेच.

कोरिटांच्या एका छोट्या चित्राचे मात्र सत्तर कोटींच्या वर नमुने निघाले. ते म्हणजे १९८५ चे अमेरिकेचे बावीस सेंटचे ‘लव्ह’ तिकीट, रंगांचे काही फराटे आणि खाली तो एक शब्द. पुढच्याच वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आपल्या चित्रांचे हक्क आणि न विकलेली चित्रे त्यांनी मागे ठेवली ती त्याच जुन्या मैत्रिणींच्या समाजाकडे.