जस्ताची पांढरी राख चेहऱ्यावर कशी आली

उदयपूरच्या दक्षिणेला अरवलीच्या डोंगरांत जावर नावाचे गाव आहे. तिथल्या टेकड्यांच्या उतारांवर मातीच्या जुन्या मुशींचे ढीग पडलेले आहेत. या मुशी वांग्याच्या आकाराच्या आहेत आणि प्रत्येकीला मातीचीच नळी जोडलेली आहे. बाराव्या-तेराव्या शतकापासून पुढे काही शतके इथे जस्त काढले जात होते. १९८० च्या दशकात बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून इथे उत्खनन केले, तेव्हा एकेका भट्टीत ३६ मुशी उलट्या बसवलेल्या आढळल्या. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात वृंताक (म्हणजे वांगे) मूषा म्हणून वर्णन आहे ते अशाच मुशीचे.

मिनरल सनस्क्रीनची कुळकथा इथून सांगायला हवी, कारण मुशी उलट्या का बसवल्या याच्या उत्तरातच त्यातल्या पांढऱ्या भुकटीचा जन्म आहे. खनिजातून जस्त सुटे करायला १००० अंश सेल्सिअसहून जास्त उष्णता लागते आणि जस्त उकळते ९०७ अंशांना. म्हणजे धातू सुटतो तो वाफ होऊनच. त्या वाफेला हवा लागली की ती पेट घेते आणि तिची पांढरी, हलकी राख होऊन उडते. जावरच्या कारागिरांनी ही वाफ नळीतून खाली, थंड भांड्यात उतरवली आणि हवेपासून वाचवली. ज्यांना ही युक्ती साधली नव्हती त्यांच्या हाती धातू येतच नसे. भट्टीच्या भिंतींवर राख तेवढी जमे. ही राख म्हणजे झिंक ऑक्साइड. आज मिनरल सनस्क्रीनच्या ट्यूबवर सहसा तिचे नाव असते.

या राखेचा एक फार जुना उपयोग डोळ्यांसाठी होता. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने भट्टीच्या वरच्या भागात जमणाऱ्या, लोकरीसारख्या दिसणाऱ्या या पांढऱ्या पदार्थाचे वर्णन केले आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने इराणमधल्या कूहबनान गावात तो तयार होताना पाहिला. भट्टीत विशिष्ट माती टाकायची, वर लोखंडी जाळी ठेवायची आणि जाळीला धुराबरोबर जे चिकटेल ते खरवडून घ्यायचे, अशी तिथली रीत होती. तेही डोळ्यांचे औषध होते. आपल्याकडे रसशास्त्रातले यशद भस्म म्हणजे मुख्यतः हेच ऑक्साइड, आणि वैद्य ते नेत्रविकारांवर देत आले. शरीराच्या सर्वांत नाजूक भागाजवळ माणसाने ही राख शतकानुशतके विश्वासाने नेली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पुढचा मुक्काम रंगाऱ्याच्या डब्यात. युरोपात पांढरा रंग म्हणजे शिशाचा सफेदा. तो भिंतींवर लागे, चित्रांत लागे आणि उमराव बायकांच्या चेहऱ्यांवरही लागे. शिसे विषारी असल्याने रंगारी पोटशुळाने आणि लुळेपणाने झिजत. १७८२ मध्ये फ्रान्समधल्या दिजों शहरात रसायनतज्ज्ञ गितों द मॉर्व्हो यांनी शिशाऐवजी जस्ताचा सफेदा वापरावा असे सुचवले. तो महाग पडे आणि सुकायला वेळ घेई, म्हणून फारसा चालला नाही. १८४० च्या दशकात पॅरिसमधले घररंगाऱ्यांचे कंत्राटदार एद्म-झाँ लक्लेर यांनी आपल्या कामगारांचे हाल पाहून तो रोजच्या वापराजोगा करून घेतला. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घराच्या आतल्या रंगकामात शिशाच्या सफेद्यावर निर्बंध घालणारा करार केला. जस्ताचा पांढरा रंग पसरला तो कामगारांच्या जिवाची काळजी वाहणाऱ्या माणसांमुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्वचेच्या डॉक्टरांनी त्याला जवळ केले. बर्लिनच्या ऑस्कर लासार यांनी झिंक ऑक्साइड, स्टार्च आणि व्हॅसलीन यांचा लेप रूढ केला. तो त्यांच्या नावाने अजूनही ओळखला जातो. याच घराण्यातली एक बाटली आपल्या बहुतेक घरांत असते: घामोळ्यांवर लावायचे कॅलामाईन लोशन. त्यात झिंक ऑक्साइड असते आणि त्याचा गुलाबी रंग येतो तो चिमूटभर लोह ऑक्साइडमुळे. ही जोडी लक्षात ठेवावी. शंभर वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे. मात्र ऊन अडवण्यासाठी कॅलामाईनवर भिस्त ठेवू नये. त्याचे काम खाज शमवण्याचे.

ऊन त्वचेला नेमके कशाने बाधते याचा धागा १८०१ मध्ये हाती आला. जर्मनीतल्या येना शहरात योहान रिटर यांनी इंद्रधनुष्यी पट्ट्याच्या जांभळ्या टोकापलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, सिल्व्हर क्लोराइड ठेवले आणि ते काळे पडले. हे अतिनील किरण. त्वचा भाजणारे ते यूव्हीबी आणि खोल जाऊन सुरकुत्या व काळसरपणा आणणारे ते यूव्हीए, ही विभागणी नंतर झाली. १९३० नंतर बाजारात आलेली बहुतेक उन्हाची मलमे किरण शोषणाऱ्या सेंद्रिय रसायनांची होती, कारण ती लावल्यावर दिसत नसत. उन्हात भाजायला किती पट वेळ लागतो हे सांगणारी एसपीएफची मोजपट्टी ऑस्ट्रियाचे रसायनतज्ज्ञ फ्रान्झ ग्राइटर यांनी प्रचलित केली.

या काळात झिंक ऑक्साइड उरले ते नाकाच्या शेंड्यावर. समुद्रकिनाऱ्यावरचे जीवरक्षक आणि ऑस्ट्रेलियाचे क्रिकेटपटू नाकाला आणि ओठांना पांढरे पट्टे ओढून दिवसभर उन्हात उभे राहत. आपल्यातल्या अनेकांनी सनस्क्रीन पहिल्यांदा पाहिले ते टीव्हीवर, या क्रिकेटपटूंच्या चेहऱ्यांवर. त्या देशात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे, म्हणून १९८१ पासून सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला अशी लोकमोहीमच चालली. पुढे क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावात झालेल्या दीर्घ चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय घटले आणि त्वचा म्हातारी होण्याचा वेगही मंदावला. रोज लावण्याला अर्थ आहे, याचा हा भक्कम पुरावा.

इथे एक समज दुरुस्त करायला हवा. मिनरल सनस्क्रीन आरशासारखे किरण परतवते असे दुकानात सांगतात, जाहिरातींतही म्हणतात. झिंक ऑक्साइड आणि त्याचे भावंड टायटॅनियम डायऑक्साइड हे अर्धवाहक आहेत. अतिनील किरणाची ऊर्जा त्यांचे इलेक्ट्रॉन गिळतात आणि बहुतांशी उष्णतेच्या रूपाने सोडून देतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत अतिनील किरणांपैकी जेमतेम चार-पाच टक्केच परावर्तित झाल्याचे दिसले. बाकीचे काम शोषणाने होते. परावर्तन होते ते मुख्यतः दिसणाऱ्या प्रकाशाचे, म्हणूनच चेहरा पांढरा दिसतो. थोडक्यात, पांढरेपणा आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक काढून दुसरी ठेवता येते.

नेमके तेच करायचे ठरले. टायटॅनियमचे खनिज १७९१ मध्ये विल्यम ग्रेगर या पाद्र्याला इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये काळ्या वाळूत सापडले होते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही तेच इल्मेनाइट आहे. टायटॅनियम डायऑक्साइडचे रंगासाठीचे कण २०० ते ३०० नॅनोमीटरचे असतात, कारण त्या आकाराला ते सर्वांत शुभ्र दिसतात. ते १०० नॅनोमीटरच्या खाली आणले की दिसणारा प्रकाश सरळ पार जातो आणि अतिनील किरण तरीही अडतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे बारीक कण सनस्क्रीनमध्ये आले. टायटॅनियम यूव्हीबीला चांगले अडवते, जस्त यूव्हीएच्या बऱ्याच लांब टोकापर्यंत पोचते, म्हणून दोन्ही एकत्र घालतात. कणांवर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचा मुलामा देतात, म्हणजे उन्हात त्यांची त्वचेशी रासायनिक झटापट होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ च्या प्रस्तावात १६ घटकांपैकी हे दोनच सुरक्षित व परिणामकारक म्हणून मान्य केले. दोन नाकारले आणि बाराबद्दल अधिक माहिती मागितली. माहिती मागितली म्हणजे ते बारा घातक ठरले असा अर्थ कोणी काढू नये.

पण बारीक कणांनी गोऱ्या त्वचेचा प्रश्न सुटला, सावळ्या त्वचेचा राहिला. उरलेली फिकी झाक गोऱ्या चेहऱ्यावर हरवते. सावळ्या चेहऱ्यावर ती राखाडी दिसते. त्याचा परिणाम दिसण्यापुरता राहत नाही. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरवर २ मिलिग्रॅम मलम लावलेले असते. राखाडी दिसू नये म्हणून माणूस त्याच्या निम्मेच लावतो, आणि ट्यूबवरचा ५० चा आकडा चेहऱ्यावर २५ च्या आसपास किंवा आणखी खाली येतो.

शिवाय आपल्या त्वचेला दिसणारा प्रकाशही काळवंडवतो. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की केवळ दृश्य प्रकाशानेही गडद त्वचेवर टिकणारा काळसरपणा येतो. गोऱ्या त्वचेवर तसे घडले नाही. वांग असलेल्यांचा अनुभव असा की नेमाने सनस्क्रीन लावूनही डाग परततात, आणि त्याचे एक कारण हे आहे. पारदर्शक केलेले कण दृश्य प्रकाश अडवणार कसे? त्याला रंगच लागतो, आणि तो रंग म्हणजे लोह ऑक्साइड: लाल, पिवळे आणि काळे. मेक्सिकोत २०१४ मध्ये झालेल्या चाचणीत लोह ऑक्साइड असलेल्या सनस्क्रीनने वांगावर साध्या सनस्क्रीनपेक्षा चांगला गुण दिला. कॅलामाईनच्या बाटलीतली जोडी पुन्हा भेटली ती अशी. आपल्या अंगणातला गेरू आणि कोकण-गोव्यातल्या देवळांच्या भिंतींवरची लाल काव हेही लोह ऑक्साइडच. सावळ्या चेहऱ्यावरची राखाडी झाक हाच रंग झाकतो आणि पांढऱ्या राखेला जे जमत नाही ते कामही करतो.

निवड करायची ती या इतिहासाच्या आधाराने. ट्यूबच्या मागे सक्रिय घटकांत फक्त झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड असतील तर ते मिनरल. सोबत इतर किरणशोषक असतील तर ते मिश्र, आणि त्यातही वाईट काही नाही. एसपीएफ ३० किंवा अधिक आणि पीए, म्हणजे यूव्हीएपासूनच्या संरक्षणाचा दर्जा, निदान तीन अधिक चिन्हांचा असावा. वांग किंवा डाग असतील तर रंगीत प्रकार घ्यावा आणि यादीत लोह ऑक्साइड, किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे क्रमांक आहेत का ते पाहावे. जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेरच्या उजेडात रंग जुळतो का ते तपासावे. भुकटी आणि फवारा टाळावा. हे कण त्वचेवर असणे ठीक, फुप्फुसात जाणे ठीक नाही.

लावताना तर्जनी आणि मधल्या बोटावर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढावी. चेहरा, कान आणि मान यांना एवढे लागते. एकदम फासण्यापेक्षा दोन थरांत लावले तर नीट बसते. उन्हात असाल तर दर दोन तासांनी, घाम पुसल्यावर लगेच पुन्हा लावावे. एसटीच्या किंवा कचेरीच्या खिडकीशी बसणाऱ्यांनीही लावावे, कारण काच यूव्हीबी अडवते, पण यूव्हीए आणि उजेड आत सोडते. दुचाकीवरचा स्कार्फ, शेतातला डोक्यावरचा पदर, छत्री आणि झाडाची सावली यांचा मान सनस्क्रीनच्या आधीचा. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर सावली आणि कपडेच द्यावेत. महाराष्ट्रात एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो आणि संरक्षणाची गरज ३ पासूनच सुरू होते, हे लक्षात घेतले तर ‘रोज’ हा शब्द अतिशयोक्तीचा वाटणार नाही.

जस्ताची वाफ हवेपासून वाचवण्याची विद्या या देशातल्या कारागिरांनी मोठ्या उद्योगाएवढी वाढवली. राखेला चेहऱ्याजोगे करण्याचे काम मात्र बहुतेक गोरी त्वचा समोर ठेवून झाले. आता सावळ्या रंगांच्या छटा बनू लागल्या आहेत, पण त्या थोड्या आहेत आणि महागही आहेत. दुकानदाराकडे त्या मागाव्यात, नसतील तर पुन्हा मागाव्यात. आपल्या रंगाशी जुळणारे आणि पुरेशा मात्रेत लावायला परवडणारे सनस्क्रीन मिळणे हा शौकाचा मुद्दा नाही. ज्या त्वचेवर ते लावायचे मन होत नाही, तिच्यापुरता ट्यूबवरचा आकडा खोटा ठरतो.