रूळ उखडले, वाट राहिली

३ जुलै १९५७ रोजी सकाळी शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरांतले चाकरमानी नेहमीप्रमाणे विजेच्या गाडीने कामावर गेले. दुपारी बारानंतर थोड्याच वेळात कंपनीने प्रवासी वाहतूक कायमची बंद केली. संध्याकाळी परतायला गाडीच नव्हती!

ही गाडी 'शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन' रेल्वेची. १९०२ साली सुरू झालेल्या या मार्गाला व्हीटन गावाशी दोन फाटे फुटत. एक वायव्येला एल्जिनकडे, दुसरा नैर्ऋत्येला ऑरोराकडे. मोटारींमुळे प्रवासी कमी होतच होते. त्यातच शहरातल्या नव्या महामार्गासाठी गाड्यांचा उन्नत मार्ग पाडायचे ठरले. १९५३ पासून गाड्या अलीकडच्या फॉरेस्ट पार्क स्थानकातच थांबू लागल्या आणि पुढे गाडी बदलणे प्रवाशांच्या नशिबी आले. रेल्वे त्यातून सावरली नाही. १९५९ साली मालवाहतूक थांबली आणि १९६१ साली मार्ग रीतसर सोडून देण्यात आला. मागे उरली ती झुडपे माजलेली एक लांबच लांब पट्टी.

या पट्टीचे मोल ओळखले ते एका शिक्षिकेने. मे थीलगार्ड वॉट्स (१८९३–१९७५) यांनी उमेदीच्या काळात शाळेत शिकवले होते. शिकागो विद्यापीठात हेन्री काउल्स या परिस्थितिविज्ञानाच्या आद्य अभ्यासकाकडे त्या शिकल्या आणि पुढे लाइल येथील मॉर्टन वृक्षोद्यानात निसर्ग-अभ्यासक म्हणून त्यांनी काम केले. सप्टेंबर १९६३ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'ला पत्र लिहून त्यांनी या पट्टीवर पायी चालण्याची वाट करावी आणि ती फार लवकर करावी, असे सुचवले.

त्यांच्यासमोर उदाहरण होते ब्रिटनमधील पायवाटांचे. तिथे शेताशिवारांतून जाणाऱ्या जुन्या वाटांवर लोकांचा वहिवाटीचा हक्क असतो. १९४९ च्या कायद्याने अशा वाटांची नकाशावर अधिकृत नोंद करणे स्थानिक संस्थांना बंधनकारक झाले. इलिनॉयमध्ये असे काही नव्हते. १७८५ च्या कायद्यानुसार अमेरिकेच्या या भागातील जमीन एकेक मैलाच्या चौकोनांत मोजून विकली गेली आणि रस्ते बहुतेक त्या चौकोनांच्या कडांवरून आखले गेले. पुढे ते मोटारींनी व्यापले. नुसते चालत जावे अशी लांब वाट हवी असेल, तर ती रेल्वेकडूनच उसनी घ्यावी लागणार होती.

रेल्वेची जमीन या कामाला उत्तम. आगगाडी असो वा विजेची गाडी, तिला चढ सोसत नाही. म्हणून खाचखळगे भरून आणि उंचवटे कापून मार्ग जवळजवळ सपाट केलेला असतो. सायकलवरच्या आजोबांना किंवा चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला हा मंद उतार वरदानच.

पण घाई का करायची? आम्हाला या इतिहासातला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एखाद्या मैदानाचा दहावा भाग विकला, तरी नऊ भाग मैदान उरते. वाटेचे तसे नाही. दहा गावांतून जाणाऱ्या पट्टीतली एका गावातली शंभर मीटर जमीन वाहनतळाला गेली, की वाट तुटली. शिवाय अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी रेल्वेला जमिनीचा फक्त वापरहक्क असे. गाडी कायमची थांबली की तो हक्क संपे आणि जमिनीवर शेजारच्या मालकाचा ताबा येई. असे तुकडे एकदा पडले की ते पुन्हा जोडणे जवळपास अशक्यच.

सुदैवाने मधल्या ड्यूपेज काउंटीने (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) आपल्या हद्दीतली पट्टी विकत घेतली आणि १९६६ साली ती स्वयंसेवकांच्या संस्थेला वाटेसाठी भाडेपट्ट्याने दिली. वाटेचे नाव पडले 'इलिनॉय प्रेअरी पाथ'. झुडपे तोडण्याचे काम शिक्षक, गृहिणी आणि विद्यार्थी यांनी केले. मग पश्चिमेला केन काउंटीत आणि पूर्वेला कुक काउंटीत, एकेका गावातून ही वाट वाढत गेली. प्रत्येक गावाची नगरपालिका वेगळी आणि शंकाही वेगळ्या. रस्ते ओलांडण्याचा प्रश्न तर सगळीकडेच होता. गाडीसाठी निमूट थांबणारी मोटार चालणाऱ्यासाठी थांबत नाही! तरीही चुनखडीची बारीक खडी अंथरलेली ही वाट फाट्यांसह सुमारे ९८ किलोमीटर लांब झाली. १९७१ साली तिला राष्ट्रीय मनोरंजन-वाटेचा दर्जा मिळाला.

नावातला 'प्रेअरी' हा शब्द शोभेचा नाही. भूगोलाच्या पुस्तकातला प्रेअरी गवताळ प्रदेश इलिनॉयमध्ये एके काळी सुमारे २ कोटी २० लाख एकर होता. त्यातला चांगल्या स्थितीतला भाग आता दहा हजार एकरांमागे जेमतेम एक एकर उरला आहे. नांगर फिरला नाही अशा जागा म्हणजे जुन्या दफनभूमी आणि रेल्वेच्या कडा. तिथेच या गवतांचे काही अवशेष टिकले. मात्र अशी अरुंद पट्टी आपोआप टिकते, असे समजू नये. पूर्वी वणवे झुडपांना रोखून धरत. ते थांबल्यावर युरोपातून आणलेल्या बकथॉर्नसारख्या झुडपांनी शिकागो परिसरातील मोकळ्या जागा व्यापल्या. जी वाट फुलपाखरांना उपयोगी पडते, तीच तणाच्या बियांनाही पुढे नेते.

कायदा मात्र मागाहून आला. १९६८ साली राष्ट्रीय वाटांचा कायदा झाला. १९८३ च्या दुरुस्तीने बंद पडणारा मार्ग 'पुढे कधीतरी रेल्वेला लागेल' म्हणून अखंड राखून मधल्या काळात त्यावर वाट करण्याची सोय झाली. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने व्हर्मांटमधील एका खटल्यात ही तरतूद वैध ठरवली. वॉट्स यांनी पत्र लिहिले तेव्हा यातला एकही आधार नव्हता.

पूर्वेच्या टोकाला ही उणीव दिसते. शहरी रेल्वेचे अंतिम स्थानक फॉरेस्ट पार्कमध्ये आहे. १९५७ पर्यंत जुनी गाडी डेस प्लेन्स नदी ओलांडून तिथवर जात असे. नवी वाट मात्र अनेक दशके नदीच्या अलीकडे, मेवूडच्या फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूपाशीच थांबून राहिली.